चार आटे जास्त

टीव्हीचा दोष मी साधारण पाच मिनिटांत सांगते. फुशारकी मारत नाही, ते माझं कामच आहे. पण एक दोष मला चार वर्षांपासून माहीत आहे आणि तो मी अजून कोणालाच सांगितलेला नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवा होता त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं — पण तसं काही होत नाहीये.

आधी कामाबद्दल लिहिते. कामाबद्दल मला बोलता येतं.

पडद्यावर रेघा आल्या की लोक घाबरतात. मी फक्त रिमोट मागते आणि मेनू उघडते. मेनूच्या चौकटीवरूनही रेघा जात असतील तर दोष टीव्हीच्या पोटात आहे. मेनू स्वच्छ दिसला तर टीव्ही बिचारा निर्दोष — केबल बघा, सेट-टॉप बॉक्स बघा, मागची एखादी सैल पिन बघा. आवाज येतोय आणि चित्र नाही? मग खोलीत अंधार करायचा आणि बॅटरीचा झोत पडद्याला अगदी टेकवायचा. त्या उजेडात बातम्या देणारी बाई धूसर का होईना दिसली, तर चित्र जिवंत आहे, त्याच्यामागचे दिवे तेवढे विझलेत. चित्र निळसर पडलं, एकाच कोपऱ्यात काळोख झाला, अर्धा पडदा दुहेरी दिसू लागला — प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकाची जागा वेगळी. शोधलं की सापडतं. यावर माझा पक्का विश्वास आहे.

हा विश्वास माझा नव्हे, सलीम चाचांचा. नाशकात भद्रकालीच्या एका गल्लीत त्यांचं दुकान आहे. पाच वर्षांपूर्वी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर, मी आमच्या घरचा टीव्ही घेऊन तिथे गेले होते. टीव्ही तासाभरात झाला. मी मात्र तिथून उठलेच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी चाचांनी काही न विचारता माझ्यासाठी एक स्टूल ओढलं आणि म्हणाले, "बेटा, उभं राहून टीव्ही दिसतो. बसल्यावर समजतो."

मी सिडकोत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात फार बोलायचे नाही. इंग्रजी बोलले तर चुकायची भीती, मराठी बोलले तर शिक्षेची. मग गप्प राहायची सवय लागली आणि सगळे तिला लाजाळूपणा म्हणू लागले. मीही तेच म्हणायचे. गप्प राहणं हा आपला स्वभाव आहे की आपली सोय — हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. पुढे पडला.

चाचांच्या दुकानात एका शब्दाला बंदी होती. आमच्या धंद्यातला सगळ्यात सोपा शब्द — 'गेलं'. दोष सापडला नाही, शोधायचा कंटाळा आला, की म्हणायचं, "पॅनल गेलं, नवा घ्या." पॅनल म्हणजे चित्र उमटणारी काच, टीव्हीतली सगळ्यात नाजूक गोष्ट. मी सुरुवातीला एकदा हौसेने म्हणून बसले, चाचा, पॅनल गेलंय. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गेलं? किधर गेलं? बस पकडून मनमाडला गेलं?" समोर बसलेलं गिऱ्हाईकही हसलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, आधी हे बघ की काय काय गेलेलं नाही. वीज आहे का? आहे. आवाज आहे का? आहे. दिवे आहेत का? एकेक बाजूला ठेवत जा. शेवटी जे उरेल ना, ते गेलं. त्याच्या आधी तोंडातून काढायचं नाही.

मी हे वहीत लिहिलं नाही. गरजच पडली नाही. आजही प्रत्येक टीव्ही मी तसाच तपासते.

आणि त्यांच्या कामाची अजून एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टीव्ही उघडताना निघणारे स्क्रू ते कधी वाटीत टाकायचे नाहीत. थर्माकोलच्या तुकड्यावर पेनाने टीव्हीच्या पाठीची आकृती काढायची आणि जो स्क्रू जिथून निघाला त्याच जागी तो टोचून ठेवायचा. वरचे वर, खालचे खाली. कारण स्क्रू सगळे सारखे नसतात. स्टँडचे लांब असतात, खालच्या कडेचे आखूड. खालच्या कडेला काचेतून निघालेल्या पातळ पिवळट पट्ट्या दुमडून बसवलेल्या असतात. हाताला प्लॅस्टिकच्या चिटोऱ्यासारख्या लागतात, पण आत केसाहून बारीक तारा असतात आणि अख्खं चित्र त्या तारांतून येतं. तिथे लांब स्क्रू गेला तर —

थांबा. क्रमानेच सांगते.

ओझरचे देवरे काका त्यांचा टीव्ही घेऊन आले. विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेला माणूस, आता निवृत्त. आवाज होता, चित्र नव्हतं. मी बॅटरी लावली, चित्र धूसर दिसलं, मागचे दिवे बदलायचे हे ठरलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि चाचांना विचारलं, "ही पोरगी उघडनार?" चाचा म्हणाले, "उघडणार पण तीच, बंद करणार पण तीच. मधलं मी करतो. हिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे." काका म्हणाले, "बघा बुवा. आमची ही त्या टीव्हीबिगर जेवत नाय."

मी उघडला. त्या दिवशी मी थर्माकोल घेतला नाही, स्क्रू स्टीलच्या वाटीत टाकले. घाई नव्हती. गर्दी नव्हती. मला एवढंच वाटलं की आता मला नकाशा लागत नाही, एका वर्षात मी त्याच्या पुढे गेले आहे. खरं सांगते, त्या वाटीत पहिला स्क्रू पडल्याचा आवाज मला आवडला होता.

चाचांनी काच उचलली, दिवे बदलले, पट्ट्यांच्या जवळचा जुना चिकट टेप ब्लेडने खरवडून काढला, काच परत बसवली. मी मागचं झाकण लावलं, स्क्रू पिळले, स्टँड लावलं. स्टँड जरा हललं तेव्हा मी तो स्क्रू अजून आवळला. चित्र सुंदर आलं. काका टीव्ही घेऊन गेले.

चौथ्या दिवशी टीव्ही परत आला. पडद्याच्या उजव्या बाजूला, चार बोटं रुंदीचा, वरपासून खालपर्यंत काळा पट्टा.

दुपारची वेळ होती. चाचा नमाजला गेले होते. काका टीव्ही टेबलावर ठेवून समोरच्या टपरीवर चहाला गेले. दुकानात मी एकटी. मेनू उघडला, काळा पट्टा मेनूवरूनही जात होता. म्हणजे दोष आतला. टीव्ही पालथा घातला, स्क्रू काढायला घेतले. खालच्या कडेचा तिसरा स्क्रू फिरतच राहिला. आखूड स्क्रू किती फेऱ्यांत सुटतो हे हाताला पाठ झालेलं असतं. हा सुटेना. आणखी एक आटा, अजून एक — एकूण चार आटे जास्त. तो बाहेर यायच्या आधीच मला कळलं होतं. तुम्हाला कधी असं झालंय? उत्तर हातात यायच्या आधी बोटांना कळतं?

स्क्रू लांब होता. स्टँडचा. त्याच्या टोकाला पिवळ्या पट्टीचा नखाएवढा तुकडा अडकला होता.

आता मुद्द्याचं लिहिते. चूक सगळ्यांकडून होते असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका, कारण मी चुकीबद्दल लिहितच नाहीये. चूक चार दिवसांपूर्वी झाली होती. मी त्यानंतरच्या दोन मिनिटांबद्दल लिहिते आहे. मी तो पिवळा तुकडा नखाने काढून कचऱ्यात टाकला. लांब स्क्रू जीन्सच्या खिशात घातला. स्टँडमधला आखूड स्क्रू काढून झाकणाच्या बाकीच्या स्क्रूंमध्ये ठेवला. आणि — हे लिहिताना पेन थांबतं — मग मी थर्माकोलचा तुकडा घेतला, त्यावर फक्त झाकणाची आकृती काढली आणि झाकणाचे सगळे स्क्रू एकेक करून आपापल्या जागी टोचले. चाचांच्या रीतीने. अगदी व्यवस्थित.

चाचा आले. काकाही चहा पिऊन आले. चाचांनी भिंग घेतलं आणि वाकून पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी थर्माकोलकडे एक नजर टाकली — स्क्रू बरोबर आहेत. ते बाजूला. नव्या दिव्यांना हात लावला — ठीक आहेत. तेही बाजूला. मग त्यांनी स्वतःचा अंगठा पट्टीच्या चिरेवर ठेवला आणि म्हणाले, "इथेच मी ब्लेड चालवलं होतं."

मी गप्प.

"लागलं असेल," ते म्हणाले. "मला दिसलंच नाही."

मी तेव्हाही गप्प.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. माणसाला कमी दिसू लागलं की ज्या समजुतीच्या आवाजात बोलतात, त्या आवाजात ते म्हणाले, "चाचा, वाईट नका वाटून घेऊ. आमच्या कारखान्यात नजर कमी झाली ना, की मानसाला बारीक कामावरून काढून स्टोअरात बसवायचे. लय मोठेमोठे कारागीर बसलेत स्टोअरात." चाचा हसले. "मग मला पण बसवा स्टोअरात." काकांनी माझ्याकडे मान वळवली. "तुझा हात साफ हाय म्हनले होते ना चाचा? तूच बघत जा मग हिथून पुढं."

मी मान हलवली. लाजाळू मुली हलवतात तशी.

ती पट्टी आमच्या दुकानात जोडता येण्यासारखी नव्हती. पॅनल गेलं होतं — या वेळी खरंच. संध्याकाळी चाचांनी स्वतःच्या घरचा टीव्ही भिंतीवरून काढला, रिक्षात घालून ओझरला नेला आणि देवऱ्यांच्या घरी लावून दिला. काकूंनी त्याच्यासमोर बसून जेवण केलं, हे चाचांनीच मला दुसऱ्या दिवशी खुशीत सांगितलं. स्वतःच्या घरी भिंतीवर काय उरलं, ते सांगितलं नाही. काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले होते. दोन खिळे आणि एक चौकोनी स्वच्छ डाग.

जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीची नोंद, मी लिहायचे. दुकानात इंग्रजी लिहिणारी मी एकटीच. त्यावर मी लिहिलं, 'फिल्म डॅमेज्ड ड्युरिंग सर्व्हिस'. काय सुंदर वाक्य आहे! शाळेत यालाच चांगले मार्क मिळायचे. पट्टी आहे, नुकसान आहे, काम आहे, माणूस मात्र कुठेच नाही. चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंस? मी म्हणाले, पट्टी फाटली असं लिहिलंय. ते म्हणाले, "माझं नाव लिही ना. लपवायचं काय त्यात?"

मी लिहिलं. सलीम चाचांचं नाव, माझ्या अक्षरात.

भीती होती का? होती. कोणाची? काकांची होती, 'ही पोरगी उघडनार' हे ऐकल्यापासून मी त्यांना काहीतरी सिद्ध करून दाखवत होते. चाचांचीही होती, ते रागावतील म्हणून नव्हे, तर रागावणार नाहीत म्हणून. पण ही कारणं मी इथे ठेवते आणि पुढे जाते. पहिल्या दिवसाच्या गप्पपणाला ती कदाचित पुरतील. दुसऱ्या दिवसाच्या? महिन्याभराच्या? एवढ्या वर्षांच्या?

कारण त्यानंतर चाचांनी काचेला हात लावणं बंद केलं. काच आली की उठायचे, मला जागा द्यायचे आणि काउंटरवर जाऊन बसायचे. रिमोट दुरुस्त करायचे, चार्जरच्या वायरी जोडायचे. कोणी विचारलं की सांगायचे, "मी आता स्टोअरातला माणूस. काम ताईकडे." लोक हसायचे, तेही हसायचे. गल्लीत माझं नाव झालं. पंचवटीतून, देवळालीतून, पार पेठपासून लोक टीव्ही घेऊन येऊ लागले. देवरे काकांनी तर अर्ध्या ओझरला सांगितलं, "चाचाकडं जा, पन पोरीच्या हातात द्या." माझा हात खरंच चांगला आहे. मी ते नाकारणार नाही, आता खोटी नम्रताही नको. पण तो हात ज्या जागेवर चालतो, ती जागा मला कशी मिळाली हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

एक गोष्ट अजून राहिली. सगळ्यात अवघड तीच आहे.

दोनेक महिन्यांनी चाचा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. मला वाटलं, मोतीबिंदू निघेल. वाटलं म्हणजे — स्पष्टच लिहिते — निघावा अशी मला आशा होती. माझ्या गुरूच्या डोळ्यात मोतीबिंदू असावा, अशी. दुकानात शिरताना त्यांनी टोपी काढून केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेटा, डॉक्टर म्हणतो आँख ठीक आहे. चष्म्याचा नंबर पण तोच." मग त्यांनी टेबलावर हात पसरून धरला, बोटं ताठ, आणि बघत राहिले. बोटं हलली नाहीत. "हात पण ठीक आहे," ते म्हणाले.

ते काय करत होते ते मला समजलं. काय काय गेलेलं नाही ते बघत होते. नजर — बाजूला. हात — बाजूला. शेवटी जे उरेल ते गेलं.

"मग ध्यान गेलं असणार," ते म्हणाले. "वय झालं. डोक्यातलं काहीतरी गेलं."

त्या दिवसापासून ते दुकान बंद करताना कुलूप तीन तीन वेळा ओढून बघतात. गॅस बंद केला का, असं घरी फोन करून विचारतात. गिऱ्हाइकाचं नाव विसरले — ते तर आपणही विसरतो — की माझ्याकडे बघून डोक्याला बोट लावतात. त्यांच्या बायकोने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "चाचा दुकानात काही विसरतात का गं? घरी फार घाबरून असतात." मी म्हणाले, नाही चाची, काही नाही. ते खरं होतं. खरं बोलून माणूस किती खोटं वागू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांची रीत चुकीची नव्हती. मी आज त्याच रीतीवर जगते. त्यांनी सगळं तपासलं, एकेक बाजूला ठेवलं. फक्त मला तपासलं नाही. त्यांच्या यादीत मी नव्हतेच.

तो स्क्रू मी जपून ठेवला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. दुसऱ्याच आठवड्यात एका टीव्हीच्या स्टँडचा स्क्रू हरवला होता, तिथे लावून टाकला. स्क्रूमध्ये काही दोष नव्हता.

गेल्या आठवड्यात एक मोठा टीव्ही आला. दुपारीच वीज गेली, आणि काच तर उघडी पडलेली. चाचा काउंटरवरून उठले, बॅटरी घेतली आणि माझ्या खांद्यावरून झोत धरला. खालच्या कडेच्या पट्ट्या मी एकेक करून बसवत होते. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात उजेडाचं ते वर्तुळ एकदाही हललं नाही. मी न सांगता ते पुढच्या पट्टीवर सरकायचं — मला पुढे कुठे बघायचंय हे माझ्या आधी त्यांना कळत होतं. एका जागी झोत थांबला आणि पुढे जाईना. मी वाकून पाहिलं. एक पट्टी केसभर तिरकी बसली होती. माझ्या नजरेतून सुटली होती. त्यांच्या नाही.

"राहू दे," ते म्हणाले, "मलाच तिरकं दिसत असेल."

मी पट्टी सरळ केली आणि म्हणाले, झालं चाचा. एवढंच म्हणाले.

चाचा रोज सकाळी दुकान उघडल्यावर मराठी पेपर वाचतात. पहिल्या पानापासून शेवटच्या बारीक टायपातल्या जाहिरातींपर्यंत, एक ओळ न सोडता. जॉब कार्ड मी त्यांना न येणाऱ्या भाषेत लिहिलं होतं. हे मराठीत लिहिलं आहे, त्याच पेपरासाठी.

तुमचं काहीच गेलेलं नाही, चाचा. पट्टी ब्लेडने कापली नव्हती. खालच्या कडेच्या तिसऱ्या जागी स्टँडचा लांब स्क्रू होता. तो मी लावला होता. मीच काढला.